म्हातारीवरचं जाळं

डोळे मिटू नका. उघडेच ठेवा, आणि मी सांगतो ते बघा.

तुम्ही कातळबंदरच्या पुळणीवर उभे आहात. शिमगा होऊन आठ दिवस झालेत. सकाळची वेळ, वाळू अजून पायाला चटका देत नाही. समोरून एक होडी येतेय आणि ती इतकी जड झालीय की पाणी काठाला टेकलंय. तुम्हांला वाटेल, आज भरपूर मासळी लागली. होडी वाळूला लागते, चौघेजण पुढे धावतात आणि आतून जे ओढून काढतात ती मासळी नसते. ते जाळं असतं. बैलगाडीएवढा ढीग. हिरवं, निळं, पांढरं, कुठलं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळू नये असं गुंतलेलं. त्यावर शिंपले चिकटलेत, शेवाळ लोंबतंय, आणि मधोमध एक पाणकावळा पंख पसरून मेलाय. नाकाला पदर लावून बायका मागे सरतात.

आता त्या ढिगाशेजारी एक म्हातारा बघा. कमरेला पंचा, हात वर, आणि गळ्याच्या शिरा ताणून तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडतोय. तो मी.

"बघा रे बघा! ट्रॉलरवाल्यांची करणी बघा! जाळा फाटला की द्यायचा दर्यात फेकून. ह्यांच्या बापाचो दर्यो काय?"

"बापाचो नाय आबा, सासऱ्याचो!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि त्या वासातही लोक हसले.

बाबी तांडेल मात्र हसला नाही. तो आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, माझ्याच वयाचा. तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. "लवू, ह्यो ढीग असोच ट्रकात घालूया आणि फिशरीच्या साहेबाच्या दारात नेऊन ओतूया. मगे कळात तेका वास कसो असता तो."

त्या रागाला कारण होतं. आमच्या बंदरासमोर, अर्ध्या तासाच्या वल्ह्यावर, पाण्याखाली एक मोठं खडप, खडकाचा लांब उंचवटा, आहे. आम्ही त्याला म्हातारी म्हणतो. चार वाव, म्हणजे चार पुरुष पाण्याखाली तिची पाठ, आणि त्या पाठीच्या फटींत शेवंडं, तांबोसे, गोबरे अशी महागडी मासळी. दर्या कितीही रुसला तरी म्हातारी कोणाला उपाशी झोपवत नाही, असं आमच्याकडे म्हणायचे. तीन वर्षं झाली, म्हातारीने हात आखडला होता. शेवंडं गेली. तांबोसा दिसेना. वाडीतले दोन तरुण गोव्याला हॉटेलात कामाला लागले. सगळी वाडी बोट दाखवायची ती ट्रॉलरांकडे, आणि सगळ्यांत पुढे माझं बोट.

ढीग ज्याने आणला तो हेमू ओल्या अंगाने होडीतून उतरला. हेमू म्हणजे माझ्या सुनेचा धाकटा भाऊ. मालवणात पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जायचं काम तो करायचा. सुट्टीच्या दिवशी हवेची टाकी घेऊन आमच्याकडे यायचा आणि समुद्रात बेवारशी पडलेली जाळी काढायचा. आमच्या बायका ती जाळी फोडून वेगळी करत. नायलॉन एकीकडे, दोर दुसरीकडे, तरंगणारे बोये आणि बुडवणारं शिसं तिसरीकडे. महिन्यातून एकदा ट्रक यायचा आणि नायलॉन कारखान्यात जायचं.

"ह्या सगळा लांबच्या खडपावरचा," तो डोकं पुसत म्हणाला. "उद्या म्हातारीवर जातंय."

माझा वर गेलेला हात खाली आला.

"म्हातारीवर नको."

"नको? अहो आबा, तुमीच तर—"

"नको म्हणजे नको! थय कोणी उतरूचा नाय!"

बाबी तांडेलने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. बाकी कोणाला काही कळलं नाही. हेमू तोंड उघडं टाकून उभा राहिला, आणि मी पाय आपटत घरी निघून आलो.

आता मी का ओरडलो ते तुम्हांला सांगतो.

आमच्या वाडीत तेव्हा एक रीत होती. दर्यावर जाणारा माणूस वारला की तेराव्या दिवशी घरातल्या सगळ्यांत वडील पुरुषाने त्याचं जाळं होडीत घालायचं, एकट्याने जायचं आणि ते समुद्रात सोडायचं. गेलेल्याने तिकडे रिकाम्या हाताने बसू नये म्हणून. कुठे सोडलं ते कोणाला सांगायचं नाही, आणि पुन्हा त्या जाळ्याचं नाव काढायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडावर खाडीच्या मुखाशी होडी उलटली आणि माझा मुलगा दिगा गेला. तेराव्या दिवशी मी त्याचं जाळं म्हातारीवर सोडलं. तिथे तो सुखी असायचा म्हणून. हेमूने ते वर काढलं असतं, तर माझा दिगा रिकाम्या हाताचा झाला असता. माझ्या डोक्यात एवढंच होतं. निदान मी स्वतःला एवढंच सांगत होतो.

दुपारी माझी सून प्रमिला माडाच्या सावलीत सकाळचं जाळं फोडत बसली होती. शेजारी माझी नात चैती. दहा वर्षांची, काटकुळी, कोपरं सदा सोललेली. ती बोये तोडून टोपलीत टाकत होती आणि मला ऐकू जाईल अशा बेताने आईशी बोलत होती.

"आये, कारखान्यात ह्या वितळवतत. मगे तेचे दाणे करतत, साबुदाण्यासारखे. आणि दाण्यांचो परत दोरो. मामा सांगी होतो."

"दर्याचा दर्यात रवाक होया," मी पडवीतून म्हणालो.

"ह्या दर्याचा खय आसा, आबा? ह्या तर कारखान्यातसून इला."

प्रमिलाने मान खाली घातली. ती हसत होती. मी हसलो नाही.

"आबा, म्हातारीवर कित्याक नको?"

"ता देवाचा खडप."

"खयच्या देवाचा?"

"असता एक."

"मगे बाबा थय मासे कसो मारी? देवाचे मासे चोरी काय?"

"चैते, गप रव!"

प्रमिलाने चाकू खाली ठेवला. ती माझ्यासमोर कधी आवाज चढवत नसे. तेव्हाही चढवला नाही. "आबा, तीन वर्षां म्हातारी रिकामी आसा. वाडीतली पोरां बाहेर गेली. हेमू नुसतो बघून येतलो. बघल्यान तर काय बिघडता?"

मी पेजेचा वाडगा सरकवला. तो लवंडला, पेज शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरली. मी तसाच उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमू टाकी घेऊन आला. मला वाटलं होतं, माझ्या शब्दाला मान देईल. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आबा, माफ करा, मी जातलंय. तुमी येवा नायतर घरी रवा."

तेव्हा मी एक ठरवलं. म्हातारी लांबलचक आहे. जाळं उत्तरेच्या अंगाला होतं. मी हेमूला दक्षिणेला उतरवणार होतो.

"माझ्या होडीतसून जावया," मी म्हणालो. "वल्हा मी मारतंय. तुका खडपाची वाट खय ठावक?"

त्याला बरं वाटलं, बिचाऱ्याला. चैतीने तळाला काच बसवलेला डबा उचलला आणि कोणी नको म्हणायच्या आत होडीत जाऊन बसली. पाण्यावर टेकवून त्या डब्यात डोकं घातलं की खालचं सगळं दिसतं. तिच्या बापानेच तो तिच्यासाठी केला होता.

समुद्र तेलासारखा होता. मी दक्षिणेच्या टोकावर नांगर टाकला. हेमू खाली गेला, बराच वेळ बुडबुडे इकडेतिकडे फिरले, आणि तो वर आला.

"काय नाय. साफ आसा."

"मगे? सांगी होतंय मी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच गोड लागला. "चला परत."

चैती किनाऱ्याकडे पाहत होती. एक डोळा मिटून.

"आबा, नांगर चुकलो तुझो."

"काय?"

"देवळाचो कळस आणि तो वाकडो माड एका रांगेत येवक होयो. मगे खाली म्हातारीचा डोक्या. बाबा थयच टाकी. तूच शिकवलंस तेका, तेनी माका शिकवल्यान. हय तर कळस सुरूच्या बनात गेलो." तिने मिटलेला डोळा उघडला. "तू कसो चुकलंस?"

दर्यावर वाट लिहिलेली नसते. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रांगेत आणायच्या आणि आपली जागा ओळखायची, एवढंच आमच्याकडे असतं. पन्नास वर्षं मी त्या खुणा चुकलो नव्हतो, आणि होडीतल्या दोघांनाही ते माहीत होतं.

हेमूने नांगराचा दोर माझ्या हातातून घेतला, स्वतःच ओढला, आणि वल्हंही घेतलं. चैती पुढे बसून सांगत होती: "अजून. अजून. डाव्या हाताक. बस."

या वेळी हेमू लवकर वर आला. त्याच्या हातात पिवळा बोया होता. त्यावर शेवाळ होतं. त्याने अंगठ्याने ते पुसलं. खाली निळा पट्टा निघाला. वाडीत प्रत्येक घराचा रंग वेगळा असतो, आणि पिवळ्यावर निळा पट्टा आमच्या घराचा.

"आबा," हेमू म्हणाला, "तुमका ठावक होता."

"होता. दिगाचा ता. मी तेका दिलंय. तू हात लावूचो नाय!"

"खाली जावन बघलास काय काय झाला ता?"

"हात लावूचो नाय म्हणतंय ना! वल्हा घालीन डोक्यात!"

आम्ही दोघे एकमेकांवर ओरडत होतो, होडी डुलत होती. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चैती बोलत नाहीये. तिने डबा पाण्यावर टेकवला होता आणि डोकं आत घातलं होतं. डब्यातून तिचा आवाज घुमत येत होता, विहिरीतून आल्यासारखा.

"जाळा उभा आसा. म्हातारीच्या डोक्यावर सगळीकडे. तांबोसो आसा एक, अर्धो. नुसतो काटो. तेच्या बाजूक अजून एक, तो जितो आसा, हलता. शेवंडां..." ती मोजायला लागली, आणि मग थांबली. "एक अंड्याची आसा. पोट सगळा काळा. मेली."

तिने डोकं बाहेर काढलं. कपाळावर डब्याच्या काठाचा गोल वळ उठला होता. मला वाटलं, ती बापाच्या आठवणीने रडेल. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला.

"माझो बाबा असो नव्हतो!" ती किंचाळली. "तेनी अंड्याची शेवंड कधी ठेवल्यान नाय! एवढीशी असली तरी सोडी! आणि तू तेच्या नावान सगळा कुजवतंस! तीन वर्षां!"

मी तिच्या कानाखाली मारली.

मुलांवर मी तोवर कधी हात उचलला नव्हता, आणि त्यानंतरही नाही. त्या आवाजाने हेमू पाण्यात असूनही दचकला. चैतीचं तोंड एका बाजूला वळलं आणि हळूच परत माझ्यासमोर आलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तुका ठावक होता," ती म्हणाली. "जाळा हय आसा ता न्हय. ता मारता, ह्या ठावक होता."

दहा वर्षांच्या मुलीने मला असं विचारलंही नाही, सांगितलं. आणि मी खोटं बोलू शकलो असतो. पण तिने नुकतीच माझी एक खूण चुकलेली पकडली होती.

"वर्षश्राद्धाक इल्लंय," मी म्हणालो. "दर्यान ता घेतल्यान काय नाय, बघूक. ह्याच डब्यातसून बघलंय."

"मगे?"

"भरलला होता."

"मगे तू काय केलंस?"

मी घरी परत गेलो होतो. त्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती, आणि तिथे मी ट्रॉलरवाल्यांना इतक्या शिव्या घातल्या की बाबी तांडेलने माझा हात धरून मला खाली बसवलं. ट्रॉलरवाले काही साधू नव्हते. त्यांची पापं त्यांची. पण त्या दिवशी मी ओरडत होतो ते त्यांच्यामुळे नव्हे. हे मी चैतीला सगळं सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला ते दिसत होतं.

मग मी तिला दुसरं सांगितलं, जे मलाही तोवर नीट कळलं नव्हतं. माझा बाप वारला तेव्हा मी चैतीएवढाच होतो. माझ्या आजोबांनी त्याचं जाळं सोडलं. मुलं नको तिथे नाक खुपसतातच. मी कुठे सोडलं ते झाडावर चढून पाहिलं होतं, आणि पुढच्या शिमग्याला गुपचूप तिथे बुडी मारली. दगडाची वजनं होती. दोन-तीन कुजके धागे होते. बाकी काही नाही. दर्याने ते खाऊन टाकलं होतं. सुताचं जाळं होतं ते, बाळांनो. एका पावसात संपायचं. रीत त्या जाळ्याची होती. पुढे आमच्या घरांत नायलॉन आलं, आम्ही सगळ्यांनी ते हौसेने घेतलं, आणि मेलेल्या माणसांची जाळी तशीच सोडत राहिलो. दर्याने ती खाल्ली नाहीत. त्याला खाताच आली नाहीत.

हेमूने होडीच्या काठाला धरून विचारलं, "आबा, काढू?"

मी कोयता त्याच्या हातात दिला.

दुपारपर्यंत आम्ही ओढत होतो. हेमू खाली खडपाच्या फटींतून जाळं तुकड्यातुकड्याने सोडवायचा, आणि वरून मी आणि चैती खेचायचो. जिवंत तांबोसा तिने स्वतः सोडवला, त्याचे काटे हातात घुसले तरी. पिवळे बोये एकामागून एक वर येत होते. त्या सगळ्या वेळात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दोर माझ्या हातातून सुटला, तर तो पकडायची, आणि परत माझ्याकडे न बघता द्यायची.

पुळणीवर बाबी तांडेल उभाच होता, चारपाच म्हातारे घेऊन. ढीग वाळूवर पडताच तो गरजला, "इलो! ट्रॉलरवाल्यांचो कचरो इलो!"

प्रमिला पुढे आली. तिला निळा पट्टा दिसला. ती तिथेच वाळूत बसली, जाळ्याचा एक पदर मांडीवर ओढला आणि बोटांनी एक जागा चाचपली. तिथे वेगळ्या रंगाच्या धाग्याने ठिगळ विणलेलं होतं. तिच्याच हातचं असणार.

"ट्रॉलराचा न्हय," मी म्हणालो. "दिगाचा. मी सोडललंय."

मी बाबीकडे पाहिलं, मग बाकीच्या म्हाताऱ्यांकडे. एकजात सगळे आपल्या पायाकडे बघत होते. बाबीचा भाऊ गेला होता, कोणाचा बाप, कोणाचा मुलगा. आणि प्रत्येकाने एकदा तरी एकट्याने होडी नेली होती.

बाबीचं तोंड तांबडं झालं. "रीत मोडलंस लवू. नाव काढलंस." तो वाळूत थुंकला. "तुझा तुझ्याकडे ठेव. आमच्या मयतांच्या वाटेक जावूचा नाय. सांगून ठेवतंय!"

"बाबी, आयक—"

"काय आयकू? ह्या चेडवाक घेवन दर्यात जातंस, आणि माका शिकवतंस?"

तो पाठ फिरवून निघाला. बाकीचे म्हातारेही निघाले, एकेक करून, घाईघाईने, जणू प्रत्येकाला एकदम घरचं काम आठवलं होतं. हेमू त्यांच्यामागे जायला निघाला. मी त्याला थांबवलं. आणखी भांडण माझ्या अंगात उरलं नव्हतं.

चैतीला कोणी थांबवलं नाही, कारण ती गेली हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मला दिसली तेव्हा ती बाबीच्या मागे दहा पावलांवर चालत होती. ओला फ्रॉक पायाला चिकटलेला, हातांना तांबोशाच्या काट्यांचं रक्त, आणि गालावर माझी बोटं अजून उमटलेली. मी धावलो, पण म्हाताऱ्याचं धावणं ते केवढं. मी बाबीच्या अंगणाच्या दगडी गडग्याशी पोचलो तोवर तो घरात शिरला होता आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

चैती पायऱ्या चढली. तिने दार वाजवलं.

"बाबीआबा, तुमच्या भावाचा जाळा खय सोडलास?"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

"खुणा सांगा. कळस कशाच्या रांगेत येता?"

"घरी जा, चैते!" आतून बाबी ओरडला. "जातंस काय येव बाहेर?"

ती मागे सरली नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मी गडग्याला धरून धापा टाकत उभा होतो. मग तिने तोंड फिरवलं, रक्ताचा हात फ्रॉकला पुसला, मूठ आवळली आणि दार पुन्हा वाजवलं.